गाडीचा सांधा

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोणी ना कोणी गाड्यांच्या धंद्यात आहे. कोणाचे अब्बा टेम्पो चालवतात, कोणाचे चाचा वेल्डिंग करतात, कोणाचा मोठा भाऊ गॅरेजमध्ये पाने पुसता पुसता कारागीर झाला आहे. त्यामुळे 'क्रॉस गेला' हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य मोठे मजेदार आहे. क्रॉस कोठेही जात नाही. उलट तो गेला, की गाडी जायची थांबते!

हा क्रॉस म्हणजे तळहातावर मावेल एवढा पोलादाचा तुकडा. गणितातल्या अधिक चिन्हासारखा त्याचा आकार असतो. त्याला चार टोके असतात आणि प्रत्येक टोकावर एक लहानशी पोलादी वाटी बसवलेली असते. वाटीच्या आत चारही बाजूंनी बारीक सुया दाटीवाटीने उभ्या असतात. या सुयांमुळे टोक वाटीत सहज फिरते. समोरासमोरची दोन टोके एका दांड्याच्या चिमट्यात बसतात, उरलेली दोन दुसऱ्या दांड्याच्या चिमट्यात. झाला जॉइंट तयार! इंग्रजी पुस्तकात त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. मला आपला 'सांधा' हा शब्द जास्त आवडतो, कारण मनगटाचे आणि याचे काम बरेचसे सारखे आहे. मनगट वाकवूनही तुम्ही कुलपात किल्ली फिरवू शकता ना? तसेच हे आहे. एक दांडा सरळ आणि दुसरा तिरका असला, तरी पहिल्याचे फिरणे दुसऱ्याला पोहोचते.

याची गरज का पडते, ते सांगतो. ट्रक किंवा जीप यांचे इंजिन पुढे असते आणि फिरायचे असते मागच्या चाकांना. मध्ये एक लांब दांडा ही ताकद मागे नेतो. पण इंजिन चौकटीला पक्के बांधलेले, आणि चाके तर खड्ड्यात खाली, उंचवट्यावर वर, अशी सारखी हलत असतात. दांडा सरळसोट असता, तर पहिल्याच खड्ड्यात मोडून पडला असता. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे दिलेले असतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर या सांध्यांना किती काम पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

ज्या रॉबर्ट हूकचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या शोधाबरोबर वाचता, त्याच हूकने १६७६ साली सूर्याचे निरीक्षण करण्याच्या यंत्राविषयी पुस्तक लिहिताना अशा सांध्याचे वर्णन केले. त्याच्याही आधी सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानोने अशा रचनेविषयी लिहिले होते. म्हणून कोणी याला कार्डन जॉइंटही म्हणतात. मोटारीत मात्र हा सांधा रुळवला तो अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरने. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना सायकलसारखी साखळी असे. ती करकरत असे आणि तुटतही असे. स्पायसर कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. त्याने साखळीऐवजी दांडा आणि सांधे वापरले, १९०३ साली पेटंट मिळवले आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. तुम्ही पुण्याला गेलात, तर औंधला स्पायसर नावाची मोठी शिक्षणसंस्था दिसेल. तिचा आणि या स्पायसरचा संबंध जोडू नका. ते स्पायसर निराळे, धर्मप्रसारक होते.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. माझे मामू दौंडला मेकॅनिक आहेत. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथे रेल्वेत नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेडमध्ये १९६६ सालची एक लाल स्टँडर्ड हेराल्ड मोटार अकरा वर्षे उभी होती. ही गाडी मूळची इंग्लंडची. तेथे १९५९ साली ट्रायंफ हेराल्ड या नावाने ती निघाली. तिची आकृती मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने काढली होती. १९६१ पासून मद्रासच्या एका कारखान्यात ती स्टँडर्ड हेराल्ड या नावाने तयार होऊ लागली. हेराल्ड म्हणजे निरोप्या. उर्दूत आपण कासिद म्हणतो तो. या गाडीचे बॉनेट चाकांवरच्या पंखांसकट अख्खेच्या अख्खे पुढे उलटते, जणू मगरीने जबडा उघडला आहे! ट्रायंफ कंपनीने याच गाडीची चौकट आखूड करून १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली. ती जगभर गाजली. म्हणजे दौंडच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी एका नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारची सख्खी बहीण होती.

या दोघी बहिणींचे एक वैशिष्ट्य होते. बहुतेक गाड्यांत मागची दोन्ही चाके एका जाड, अखंड आसाच्या दोन टोकांना असतात. हेराल्डमध्ये तसे नव्हते. मधली गिअरची पेटी चौकटीला पक्की बसवलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धा दांडा, टोकाला चाक. हा अर्धा दांडा पेटीपाशी एकाच क्रॉसवर वर-खाली होई, पक्ष्याचा पंख खांद्यापासून हलतो तसा. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले, तरी दुसऱ्याला धक्का बसत नसे. पण याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. इतर गाड्यांत क्रॉस फक्त ताकद पोहोचवतो. येथे चाकाला जागेवर धरून ठेवण्याचे कामही दांड्याबरोबर त्यालाच करावे लागे. पुढे १९७२ साली त्याच मद्रासच्या कारखान्याने गॅझेल नावाची गाडी काढली, तेव्हा ही पंखांची रचना सोडून मागे साधा अखंड आस बसवला. गॅझेल हे नाव तुम्हांला ओळखीचे वाटेल. आपला गज़ाल, म्हणजे हरिण, हाच शब्द अरबीतून युरोपात गेला आणि गाडीवर बसून परत आला!

ही हेराल्ड शिरूरच्या एका डॉक्टरांनी विकत घेतली. मामूंनी दोन महिने खपून तिचे इंजिन बांधले, ब्रेक नवे केले, टायर बदलले. गाडी उचलून प्रत्येक दांडा हाताने हलवून पाहिला. कोठेही ढिलेपणा नव्हता. डिसेंबर २०१८ मधल्या एका रविवारी गाडी दौंडहून शिरूरला न्यायचे ठरले. माझी नोकरी शिरूरला असल्यामुळे मीही मामूंच्या शेजारी बसलो. डॉक्टर, त्यांची पत्नी आणि सात-आठ वर्षांची मुलगी आपल्या दुसऱ्या गाडीतून मागून येत होते.

गळिताचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेला ऊस. या सगळ्यातून आमची लाल गाडी ऐटीत चालली होती. लोक वळून वळून पाहत होते. पाटस मागे पडल्यावर मला चिमणीच्या पिलासारखा चिवचिवाट ऐकू आला. मी म्हणालो, "मामू, कोठेतरी चिमणी बसली आहे वाटते." मामूंनी हसून मान हलवली, पण रेडिओ बंद करावा तसे त्यांनी बोलणे बंद केले. पुढे वेग वाढल्यावर चिवचिवाट थांबला. वरवंड गेले. चौफुल्याला आम्ही चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघताना मामूंनी क्लच सोडला, तशी मागून एकदाच 'खट्' असा आवाज आला.

मामूंनी गाडी बंद केली. रस्त्याच्या कडेला पोते अंथरून ते गाडीखाली शिरले. बाहेर आले, तेव्हा त्यांच्या बोटाला तांबूस भुकटी लागलेली होती. मेंदीची पूड असावी तशी. ती त्यांनी बोटांनी चोळली आणि माझ्यापुढे धरली.

इतक्यात डॉक्टरांची मुलगी धावत आली. चौफुल्यापासून पुढे लाल गाडीत बसायचे, असे तिला सकाळीच कबूल केलेले होते. मामू म्हणाले, "बेटी, आज नाही."

डॉक्टर म्हणाले, "काय झाले, मामू? आवाज तर थांबला होता ना?"

"आवाज थांबला, साहेब. बिघाड थांबला नाही."

"हळू चालवा. शिरूर किती लांब आहे आता? मी स्वतः चालवतो, हवे तर."

"साहेब, गाडी तुमची आहे. पण आज हिच्यात बेटी बसणार नाही आणि तुम्हीही बसणार नाही. हा मास्तरसुद्धा बसणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. भर चौकात, पत्नीसमोर, एका मेकॅनिकने आपल्याला आपल्याच गाडीत बसू नका म्हणावे, हे कोणालाही झोंबणारच. मुलगी रडू लागली. मामूंनी पुढे वाद घातला नाही. रविवार असल्यामुळे जवळची गॅरेज बंद होती. पुढे पारगावात ओळखीचा एक कारागीर होता. तेथपर्यंत बैलगाडीच्या चालीने गाडी नेतो, असे सांगून ते एकटेच गाडीत बसले. मी डॉक्टरांच्या गाडीत गेलो. त्यांच्या गाडीत त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नव्हते.

पारगाव आले, पण कारागीर गावाला गेलेला होता. पुलापलीकडे शिरूर तालुका सुरू होतो. भीमा नदी तेथे दोन तालुक्यांची हद्द आहे. पुलाच्या अलीकडे थोडा चढ लागतो. मामूंनी गिअर बदलला असावा. आमच्या डोळ्यांसमोर लाल गाडीखालून 'खाड्' असा आवाज आला, काहीतरी डांबरावर आपटत गेले, डावे मागचे चाक एखाद्या पांगळ्या पायासारखे तिरके झाले आणि गाडी त्या बाजूला खाली बसली. वेग माणसाच्या चालीएवढाच होता. मामू दार उघडून उतरले, मागे चालत गेले आणि रस्त्यावरून काही तुकडे वेचू लागले.

डॉक्टर बराच वेळ त्या चाकाकडे पाहत उभे राहिले. मग पुलाच्या कठड्याकडे पाहिले. मुलीने विचारले, "बाबा, गाडीचा पाय मोडला का?" त्यांनी तिला उचलून घेतले, पण उत्तर दिले नाही.

फडावरून परतणारे दहा-बारा ऊसतोडणी कामगार धावून आले. त्यांनी गाडीचा मागचा भाग अक्षरशः हातांवर उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला. एका शेतकऱ्याने आपल्या वस्तीवर गाडी ठेवू दिली, वर चहाही पाजला. चहा पिताना मामूंनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. क्रॉसचे एक टोक मुळापासून उडालेले होते. वाटीतल्या सुया गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. काहींची तर नुसती लाल पूड उरली होती.

मी विचारले, "तुम्ही तर सगळे दांडे हलवून पाहिले होते."

मामू म्हणाले, "तेच तर! ढिला असता, तर हाताला कळला असता. हा गंजून घट्ट बसला होता. घट्ट म्हणजे मजबूत, असे आपल्याला वाटते. दांडा नुसता हलवायचा नसतो, क्रॉसवर वाकवून पाहायचा असतो. ते मी केले नाही."

हे त्यांनी डॉक्टरांसमोरच सांगितले. चाळीस वर्षांचा कारागीर स्वतःहून असे बोलला, याचे मला त्या तुटलेल्या क्रॉसपेक्षा जास्त नवल वाटले.

काय घडले होते, ते पाहा. अकरा वर्षे गाडी एका जागी उभी होती. वाटीतले ग्रीस सुकले. ओल शिरली आणि सुयांना गंज चढला. गाडी चालू झाल्यावर सुया फिरण्याऐवजी घासू लागल्या. कोरडे लोखंड लोखंडावर घासले, की प्रथम चिवचिवाट होतो. मग गंजाची बारीक तांबूस पूड वाटीच्या तोंडातून बाहेर पडते. वाटीत जागा झाली, की क्लच सोडताना 'खट्' होते; कारण दांडा आधी ती मोकळी जागा ओलांडतो आणि मग क्रॉसवर आदळतो. त्यानंतर तुटणे. चार खुणांपैकी तीन आम्हांला पाटस ते चौफुला एवढ्या वाटेतच मिळाल्या. तुमच्या घरच्या गाडीत यातली एक जरी खूण दिसली, तरी चालवणाऱ्याला तेव्हाच सांगा. तो तुम्हांला लहान समजून गप्प बसवील, तरीही सांगा.

नवा क्रॉस मिळवणे सोपे नव्हते, कारण मद्रासच्या कारखान्यात मोटारी तयार होणे १९८८ सालीच थांबले होते. मामूंनी वाटीचे माप व्हर्नियरने घेतले, दुकाने पालथी घातली आणि भलत्याच एका गाडीचा क्रॉस मापाला बसवला. उजव्या बाजूचाही बदलला. तो तुटला नव्हता, पण त्याच्या नशिबातही तेच होते.

तुटलेला क्रॉस मी मागून घेतला आणि वर्गात नेला. मुलांनी तो हातोहात फिरवला. तेव्हा एका मुलाने रोटाव्हेटरची गोष्ट काढली. त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरमागून रोटाव्हेटरला ताकद नेणाऱ्या दांड्यालाही दोन क्रॉस असतात. तो म्हणाला, "सर, अब्बा दांडा सोडवण्यापूर्वी दोन्ही चिमट्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करतात. जोडताना खुणा समोरासमोर आल्या नाहीत, तर यंत्र थरथरते."

त्याच्या अब्बांची ही खूण म्हणजे भूमिती आहे. एका क्रॉसमधून दांडा तिरका गेला, की पुढचा दांडा सारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. तीस अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेऱ्यांच्या गतीने फिरत असेल, तर दुसऱ्याची गती सुमारे ८७ आणि ११५ यांच्यामध्ये खाली-वर होत राहते. दुसरा क्रॉस नेमका उलट हिसका देऊन हा हिसका मोडून काढतो. मात्र त्यासाठी मधल्या दांड्याचे दोन्ही चिमटे एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. नव्या मोटारींत, उदाहरणार्थ १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये, इंजिन आणि फिरणारी चाके दोन्ही पुढेच असतात. त्या चाकांना वळायचेही असते, म्हणून चाकापाशी पोलादी गोळ्यांचा निराळा सांधा वापरतात. तो तिरका असूनही सारख्याच गतीने फिरतो. त्यावरचे काळे रबर फाटले, की आत माती जाते आणि वळताना 'कट् कट्' असा आवाज येतो.

ट्रॅक्टरचा विषय निघाला आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. रोटाव्हेटरचा तो दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते, आणि बहुतेक ठिकाणी ते मोडल्यावर कोणी नवे घेत नाही. ओढणीचे टोक किंवा सदऱ्याची बाही त्या उघड्या दांड्याला लागली, तर 'थांबव' हा शब्द तोंडातून पुरा निघण्याआधीच ती गुंडाळली जाते. तो फिरत असताना त्याच्याजवळ जाऊ नका, आणि घरी अब्बांकडे आवरणासाठी हट्ट धरा. इतर हट्टांच्या मानाने हा स्वस्त आहे.

त्याच तासाला नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, दोन क्रॉस असले तरच हिसका मोडतो ना? मग हेराल्डच्या एकेका चाकाला एकच क्रॉस कसा? ते चाक हिसके देत नव्हते का?"

मी मामूंना फोन लावला. ते म्हणाले, "रस्त्यावर दांडा जवळजवळ आडवाच असतो, म्हणून हिसका कळत नाही." कोसाइनच्या तक्त्यात आम्ही दहा अंश पाहिले : ०.९८५. म्हणजे शंभरात जेमतेम दीडचा फरक. वर्गाचे समाधान झाले, पण त्या मुलीचे झाले नाही. ती म्हणाली, "कळत नाही म्हणजे नसतोच, असे नाही ना?"

मी हे मामूंना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी मी डॉक्टरांच्या गाडीला ग्रीस मारायला शिरूरला येतो आहे. तिच्या अब्बांना सांग, तिला घेऊन या."

ती आली. मामूंनी चौकट जॅकवर उचलली, तशी मागची दोन्ही चाके खाली लोंबली आणि क्रॉस चांगलाच वाकला. डॉक्टरांची मुलगी शेजारी बसून पाहत होती. मामूंनी पोते अंथरले, टॉर्च दिला आणि म्हणाले, "पाहा आता." तिने दप्तरातून खडू काढला, क्रॉसच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दांड्यावर समोरासमोर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या आणि चाक हळूहळू हाताने फिरवू लागली. दर पाव फेऱ्याला रेघा जुळत होत्या. मधल्या वाटेत मात्र एक रेघ ज्वारीच्या दाण्याहून कमी, पण स्पष्ट दिसेल इतकी मागेपुढे होत होती.

"मामू, हे पाहा," गाडीखालून तिचा आवाज आला, आणि मामू दुसऱ्या बाजूने पोते ओढून आत शिरले.